क्लीव्हलंड: एकेचाळीस वर्षांची वाट आणि सिगारेटमागे साडेचार सेंट

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊनच बसा.

"नवी पोरं घ्या, चार-पाच वर्षं थांबा, संघ आपोआप उभा राहील." खेळावरच्या गप्पांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. बोलणारा कधीच सांगत नाही की थांबायचं कोणी, आणि तोवरचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉल फार उशिरा कळायला लागला. पण या प्रश्नावर सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट मला बेसबॉलच्या इतिहासातच सापडली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावर क्लीव्हलंड नावाचं शहर आहे, तिथली ही गोष्ट.

आधी शहराबद्दल दोन शब्द. क्लीव्हलंड म्हणजे पोलाद, कारखाने, कामगार वस्त्या. १९६९ साली तिथल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्याने पेट घेतला आणि "ज्या गावची नदी जळते ते गाव" अशी देशभर टिंगल झाली. १९७८च्या डिसेंबरात शहराने बँकांचं कर्ज थकवलं. १९३०च्या महामंदीनंतर कर्ज थकवणारं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. कारखाने बंद पडत होते, माणसं गाव सोडत होती. अशा गावाला रविवारी दुपारी दुःख विसरायला एक चांगला संघ तरी हवा की नको?

तोही नव्हता.

या संघाचं तेव्हाचं नाव क्लीव्हलंड इंडियन्स. (इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्या नावावर आणि त्याहून जास्त त्या विचित्र चित्रावर बरीच वर्षं वाद झाला. २०२२च्या हंगामापासून नाव गार्डियन्स आहे.) शेवटचं अजिंक्यपद १९४८चं. अंतिम मालिकेपर्यंत, म्हणजे वर्ल्ड सिरीजपर्यंत, शेवटची मजल १९५४ची, आणि तिथेही चारपैकी चार सामने हरून परत. त्यानंतर जो दुष्काळ पडला तो पडलाच. ते खेळायचे सरोवराकाठच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये. सत्तर हजारांच्या वर खुर्च्या, आणि आठवड्यातल्या दिवशी त्यात पाच-सहा हजार माणसं. १९८५च्या अख्ख्या हंगामात मिळून साडेसहा लाख प्रेक्षक आले. बेसबॉलमध्ये घरच्या मैदानावर हंगामाला ८१ सामने असतात, भागाकार तुम्हीच करा. १९८७ साली 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या बड्या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापलं की यंदा अमेरिकन लीगमध्ये हाच संघ सर्वोत्तम. त्या वर्षी ते १०१ सामने हरले. १९८९ साली तर हॉलिवूडने 'मेजर लीग' नावाचा विनोदी सिनेमाच काढला, विषय क्लीव्हलंडचा हरणारा संघ. सगळ्या देशाला विनोद लगेच कळला, समजावून सांगावं लागलं नाही.

१९८६ साली रिचर्ड आणि डेव्हिड जेकब्स या दोन भावांनी हा संघ विकत घेतला. दोघेही मॉल बांधणारे, बांधकामातले लोक. त्यांनी संघाचा कारभार हँक पीटर्स नावाच्या साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात दिला. पीटर्सनी आल्या आल्या नावाजलेले खेळाडू विकत घेतले नाहीत. पैसा घातला तो शोधपथकात आणि खालच्या संघांत.

इथे आपल्यासाठी थोडं थांबायला हवं. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. दर काही वर्षांनी पत्ते पुन्हा पिसायचे. बेसबॉलमध्ये शाळा-कॉलेजातल्या पोरांचा 'ड्राफ्ट' होतो, आणि तेव्हा जो संघ जास्त हरला त्याला आधी निवड मिळायची. निवडलेलं पोर लगेच मोठ्या संघात येत नाही. आधी खालच्या तीन-चार पायऱ्यांवरच्या संघांत, छोट्या गावांत, बसने रात्र-रात्र प्रवास करत दोन, तीन, पाच वर्षं. त्यातली बहुतेक पोरं वर पोचतच नाहीत. पोचली तर पहिली सुमारे तीन वर्षं मालक देईल तो पगार. पुढची तीन वर्षं लवादापुढे जाऊन पगार वाढवून मागता येतो. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे. म्हणजे गरीब गावच्या संघाने पोरगं शोधायचं, घडवायचं, आणि ऐन भरात आलं की न्यूयॉर्क-बोस्टनने उचलायचं. हे गणित तेव्हाही तसंच होतं, आजही तसंच आहे.

त्या वर्षांत काय काय आलं बघा. १९८७च्या ड्राफ्टमध्ये अल्बर्ट बेल. १९८८मध्ये पिचर चार्ल्स नेगी. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे. १९८९मध्ये तेराव्या फेरीत, म्हणजे तीनशेहून जास्त पोरं निवडून झाल्यावर, इलिनॉयमधल्या पिओरियाचा जिम थोमी. पुढे त्याने ६१२ होमरन मारले. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये वाढलेला, डॉमिनिकन घरातला मॅनी रामिरेझ. आणि १९८९च्या डिसेंबरात एक सौदा, ज्यावर गावात बरीच कुरकुर झाली. संघातला एकमेव मोठा तारा ज्यो कार्टर सॅन डिएगोला देऊन टाकला. बदल्यात मुख्यतः दोन पोरं मिळाली, सँडी अलोमार आणि कार्लोस बाएर्गा. कार्टर एका वर्षात मोकळा होऊन जाणारच होता. जाणाऱ्या माणसाच्या बदल्यात येणारी दोन माणसं घेतली, एवढा साधा हिशोब.

पण निकाल काय? १९९१ साली संघ १०५ सामने हरला. संघाच्या इतिहासात एका हंगामातले सगळ्यात जास्त पराभव. त्याच सुमारास पीटर्स निवृत्त झाले आणि खुर्चीवर त्यांचे सहकारी जॉन हार्ट आले. पुढचं सगळं श्रेय हार्टना मिळालं, पुस्तकांतही तसंच येतं. मला ते थोडं खुपतं. झाड लावणारा १०५ पराभव घेऊन घरी गेला. असो.

हार्टचं स्वतःचं डोकं मात्र एका ठिकाणी खरोखर चाललं, आणि आजच्या पोस्टचा गाभा तोच आहे. १९९२च्या सुरुवातीपासून त्यांनी या कोवळ्या पोरांशी लांबचे करार करायला सुरुवात केली. अलोमार, बाएर्गा, नेगी, पुढे बेल, केनी लॉफ्टन, मग थोमी आणि रामिरेझ. लवादाची वर्षं यायच्या आधीच सांगायचं: आज तुझा हक्क नाही तरी तुला जास्त पैसे देतो, चार वर्षांची हमी देतो. हात मोडला तरी पैसे तुझे. त्याबदल्यात पुढे तुझा भाव गगनाला भिडेल तेव्हा तू मला ठरलेल्या दरात खेळ. लाखाची हमी आज की कोटीची शक्यता पाच वर्षांनी? कालपर्यंत बसमध्ये झोपणारा पोरगा काय निवडेल ते उघड आहे.

लक्षात घ्या, ही बचत नव्हे. क्लीव्हलंड तेव्हा सगळ्यात कमी पगार देणाऱ्या संघांपैकी एक होता, आणि द्यायची सक्ती नसताना तो पैसे देत होता. लोक याला 'सबुरी' म्हणतात. मी म्हणेन, खर्च लवकर केला आणि फळाची वाट उशिरापर्यंत पाहिली. असे करार केलेल्या सगळ्यांचंच सोनं झालं नाही. काही पोरं पुढे चमकलीच नाहीत, अलोमार तर सारखा जायबंदी. तरी एकूण बेरीज संघाच्या बाजूची आली, आणि आज जवळपास प्रत्येक संघ हेच करतो.

१९९३च्या मार्चमध्ये एक भयंकर गोष्ट घडली. हंगामाआधीचा सराव फ्लोरिडातल्या होमस्टेडला व्हायचा होता, पण आदल्या वर्षी अँड्र्यू चक्रीवादळाने ते केंद्र मोडून टाकलं, म्हणून संघ विंटर हेवनला गेला. २२ मार्चला सुट्टी होती. संध्याकाळच्या अंधारात तळ्यावर तीन पिचर्सची मोटरबोट धक्क्यावर आदळली. स्टीव्ह ओलिन आणि टिम क्र्यूज गेले, बॉब ओहेडा वाचला. ओलिन २७ वर्षांचा होता. पोरांचा संघ म्हणत होतो ना, ती पोरं त्या एका आठवड्यात मोठी झाली. यावर जास्त लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

आता मैदानाकडे, म्हणजे पैशाकडे वळतो. जेकब्स बंधूंना नवीन मैदान हवं होतं. १९८४ साली घरपट्टी वाढवून छप्परवालं स्टेडियम बांधायचा प्रस्ताव लोकांनी मतदानात सपशेल फेटाळला होता. १९९०च्या मे महिन्यात नवीन प्रस्ताव आला: कायाहोगा काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, दारू, बिअर आणि सिगारेटवर १५ वर्षांसाठी जादा कर. तिकडे त्याला 'सिन टॅक्स' म्हणतात, पापाचा कर म्हणा हवं तर. सिगारेटच्या पाकिटामागे साडेचार सेंट. मैदान झालं नाही तर संघ गावात राहणार नाही, अशी हवा होतीच. प्रस्ताव निसटत्या बहुमताने पास झाला.

त्या पैशातून शहराच्या मध्यभागी बेसबॉलचं मैदान आणि शेजारी बास्केटबॉलचं बंदिस्त स्टेडियम उभं राहिलं. बेसबॉलच्या मैदानाचा खर्च सुमारे १७.५ कोटी डॉलर. नाव मात्र मालकांचं, जेकब्स फील्ड. सिगारेट ओढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. प्रकल्पाचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि वरची भर काउंटीला घालावी लागली, हेही ओघाने आलंच.

४ एप्रिल १९९४ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पहिला चेंडू टाकून मैदान उघडलं. आणि इथे हार्टनी पैशाचा दुसरा नळ सोडला. त्याच हिवाळ्यात एडी मरे आणि डेनिस मार्टिनेझ हे दोन मुरलेले खेळाडू आणले, सिअ‍ॅटलहून ओमर विस्केल आणला; पुढच्या वर्षी ओरेल हर्शायझर. १९९१ साली हेच म्हातारे वाघ आणले असते तर? पैसे गेले असते आणि १०५ऐवजी ९५ सामने हरले असते. पोरं पंचविशीत आली, मैदान भरायला लागलं, मग अनुभव विकत घेतला. क्रम महत्त्वाचा.

१९९४चा हंगाम खेळाडूंच्या संपामुळे ऑगस्टमध्येच बंद पडला. संघ तेव्हा पहिल्या नंबरपासून फक्त एक सामना मागे होता. क्लीव्हलंडचं नशीब! पण १९९५ साली १४४ सामन्यांच्या छोट्या हंगामात त्यांनी १०० जिंकले. गटातला दुसरा संघ ३० सामने मागे. बेलने एकाच हंगामात ५० डबल आणि ५० होमरन मारले, आधी कोणी मारले नव्हते. एकेचाळीस वर्षांनी गाव वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलं. तिथे अटलांटाने सहा सामन्यांत हरवलं. सहावा सामना १-०. मजा म्हणजे अटलांटाही असाच, तरुण पिचर्सवर वर्षानुवर्षं थांबून उभा केलेला संघ. १९९०ला तळाला होता, १९९१ला वर्ल्ड सिरीजमध्ये.

ती मालिका २८ ऑक्टोबरला संपली. नऊ दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, अमेरिकन फुटबॉलचा गावचा जीव की प्राण असलेला संघ, ब्राउन्स, गाव सोडून बाल्टिमोरला जाणार अशी मालक आर्ट मॉडेल यांनी घोषणा केली. याचा आणि बेसबॉलचा संबंध आहे. सरोवराकाठच्या जुन्या स्टेडियमचा ताबा मॉडेल यांच्या कंपनीकडे होता आणि बेसबॉल संघ त्यांचा भाडेकरू होता. भाडेकरू नव्या घरात गेला, भाडं बुडालं. दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, त्या जुन्या स्टेडियमसाठी पापाचा कर वाढवायचा की नाही यावर मतदान होतं. संघ जातोय हे माहीत असूनही लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांचा रागही आला आणि गहिवरूनही आलं. ब्राउन्स नावाचा संघ नव्या मैदानासह १९९९ला परत उभा राहिला.

तोवर जेकब्स फील्ड रोज भरत होतं. १२ जून १९९५पासून ४ एप्रिल २००१पर्यंत ओळीने ४५५ सामन्यांची तिकिटं संपली. जिथे वर्षाला साडेसहा लाख यायचे तिथे तीस लाखांवर माणसं.

आणि मग १९९७. बेल आदल्या हिवाळ्यात पाच वर्षांच्या साडेपाच कोटी डॉलरला शिकागोला गेला होता, बाएर्गाला त्याच्याही आधी दुसरीकडे दिलं होतं. तरी संघ पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये गेला. समोर फ्लोरिडा मार्लिन्स. या संघाचं वय तेव्हा पाच हंगाम. मालक वेन हायझेंगा, ब्लॉकबस्टर व्हिडिओवाले. त्यांनी एका हिवाळ्यात सुमारे ८.९ कोटी डॉलरचे करार करून मोइसेस अलू, बॉबी बोनिया, अ‍ॅलेक्स फर्नांडेझ असे तयार खेळाडू उचलले. एकीकडे दहा वर्षं मशागत केलेलं शेत, दुसरीकडे बाजारातून उचललेली टोपली.

२६ ऑक्टोबर १९९७, मायामी, सातवा आणि शेवटचा सामना. क्लीव्हलंडने चेंडू दिला २१ वर्षांच्या जॅरेट राइटच्या हातात. संघाने स्वतः ड्राफ्ट केलेलं पोर. त्याने फ्लोरिडाला बांधून ठेवलं. २-० आघाडी. सातव्या इनिंगमध्ये विकत घेतलेल्या बोनियाने होमरन मारला, २-१. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये, अजिंक्यपद दोन खेळाडू बाद करण्याच्या अंतरावर होतं. विकत घेतलेला अलू धावत घरी पोचला, २-२. अकराव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडच्या टोनी फर्नांडेझच्या हातून एक साधा चेंडू निसटला. आपल्या संघाच्या दोन्ही धावा त्यानेच आणल्या होत्या. शेवटी समोर एडगर रेंटेरिया, विशीतला, कोलंबियातून लहान वयात आणून मार्लिन्सनी स्वतः घडवलेला. त्याने पिचरच्या डोक्यावरून हलकाच फटका मारला आणि संपलं. पिचर कोण? चार्ल्स नेगी, १९८८चा.

पुढचं ऐका. हायझेंगांनी तोटा होतो म्हणून काही आठवड्यांतच संघ मोडायला काढला. खेळाडू एकेक करून गेले. अलू तर नोव्हेंबरातच. पुढच्या वर्षी गतविजेता संघ १०८ सामने हरला. मग शहाणं कोण? एका वर्षात कप घेऊन दुकान बंद करणारा, की सात हंगामांत सहा वेळा गट जिंकून कप न मिळालेला? मी माझ्या मनाशी क्लीव्हलंड म्हणतो. पण कपाटात कप फ्लोरिडाच्या आहे, आणि क्लीव्हलंडच्या माणसाला "प्रक्रिया बरोबर होती" असं सांगायला गेलात तर मार खाल.

आता सबुरीची दुसरी बाजू. जेकब्सनी संघ २००० साली लॅरी डोलन यांना ३२.३ कोटी डॉलरला विकला. घेतला होता साडेतीन कोटींच्या आसपास. या किमतीत करातून झालेल्या मैदानाचा वाटा किती, याचा हिशोब काउंटीला कोणी दिला नाही. रामिरेझ १६ कोटींवर बोस्टनला गेला, थोमी ८.५ कोटींवर फिलाडेल्फियाला. संघाने पुन्हा पोरं जमवली, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदाही सुंदर जमवली. २००२ला पिचर बार्टोलो कोलोन देऊन क्लिफ ली, ग्रेडी साइजमोर आणि ब्रँडन फिलिप्स एका सौद्यात आणले. घरचा सी.सी. सबाथिया होताच. २००७ला सबाथिया सर्वोत्तम पिचर ठरला, २००८ला ली. पण यावेळी दुसरा नळ सुटलाच नाही. करार संपत आले तसे दोघांनाही विकलं. २००९च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना सबाथिया विरुद्ध ली असा झाला. एक न्यूयॉर्ककडून, एक फिलाडेल्फियाकडून. क्लीव्हलंडची माणसं तो सामना घरी टीव्हीवर बघत होती.

पोरं तीच, थांबणं तेच, शोधणारे डोळेही तितकेच तयार. १९९४ला पोरं तयार झाल्यावर मालकाने पाकीट उघडलं होतं, २००८ला दुकान उघडलं. याला सबुरी म्हणू नका. कंजुषीला आपल्याकडे शब्द आहे. अर्थात मालकाची बाजूही आहे: १९९०च्या दशकात मैदान नवं होतं, गावात फुटबॉल संघ नव्हता, स्पर्धा कमी होती. ती परिस्थिती परत येणार नव्हती. तरीही.

२०१६ साली ते पुन्हा सातव्या सामन्यात पोचले, पुन्हा जादा इनिंगमध्ये, दहाव्या इनिंगला ८-७ने शिकागो कब्जकडून हरले. २०२२ला पूर्ण लीगमधला सगळ्यात तरुण संघ घेऊन गट जिंकला. १९४८ अजून तिथेच आहे.

मैदानाचं नाव आता प्रोग्रेसिव्ह फील्ड. तिथे निवृत्त केलेले आकडे लावलेत, म्हणजे थोर खेळाडूंचे ते नंबर जे पुन्हा कोणी घालणार नाही. त्यात ४५५ असाही एक आकडा आहे. तो प्रेक्षकांचा. आणि तो १५ वर्षांसाठीचा पापाचा कर? २०१४ला पुन्हा मतदान झालं, लोकांनी पुन्हा हो म्हटलं, या खेपेला वीस वर्षांसाठी. पाकिटामागे साडेचार सेंट अजून चालू आहेत.